शब्दचर्चा: 'असेसमेंट', 'निदान' आणि 'अफर्मिंग'

विचारणा
माझ्या भाचीला (वय 15) ऑटिझम असावा असं शाळेच्या समुपदेशकांना वाटतं. त्यांनी 'असेसमेंट' करून घ्यायला सांगितलंय. घरात हे कोणत्या शब्दात बोलावं? 'चाचणी' म्हटलं की भाची विचारते, नापास झाले तर? शिवाय हल्ली 'अफर्मिंग असेसमेंट' असंही वाचनात येतं. त्याला मराठीत काय म्हणाल?

प्रतिसाद
भाचीचा प्रश्न रास्त आहे, त्यामुळे 'चाचणी' नकोच. 'तपासणी' म्हटलं की रक्त-लघवी आठवते, आणि ऑटिझम रक्तातून किंवा एमआरआयमधून कळत नाही. तिच्याशी बोलून, तिला पाहून, आईवडिलांकडून लहानपण ऐकून, शाळेत काय होतं ते विचारून तो समजतो. मी 'आकलन' म्हणेन. हिंदीत या शब्दाला अंदाज बांधण्याची, मोजमापाची छटा आहे. मराठीत मात्र त्याचा अर्थ समजणं असा आहे आणि इथे तोच हवा आहे. 'निदान' हा त्यातून शेवटी निघणारा निष्कर्ष. घरी तर सरळ सांगा, 'तुला काय जड जातं, कशात बरं वाटतं, हे नीट समजून घ्यायला जातोय.' आजी असतील तर त्यांनाही बरोबर न्या. भाची पहिलं कधी बोलली, कोणत्या आवाजाला कान झाकायची, हे त्यांनाच आठवत असेल.

प्रतिसाद
'आकलन' सुंदर आहे, पण दवाखान्यात फोन करताना 'असेसमेंट'च म्हणा, नाहीतर समोरच्याला कळणार नाही. 'मूल्यमापन'ही टाकून देऊ नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी 'इसा' (ISAA) नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात 40 मुद्द्यांवर गुण देतात. 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम, त्यापुढे तीव्र. तिथे खरोखरच मोजतात, म्हणून तो शब्द बसतो. मात्र 'सौम्य' वाचून कुणी मदत नाकारू नये. गुण कमी असलेली मुलगीसुद्धा शाळेतून घरी येऊन रोज संध्याकाळी कोसळत असू शकते.

प्रतिसाद
'अफर्मिंग' म्हणजे वेगळेपणाला दोष न मानता समजून घेणारं. त्याला 'होकारार्थी' म्हणू नका. ऑटिझमचं निदान 'हो' असंच येणार, असा गैरसमज होतो. 'स्वीकारशील' बरा, आणि तो अहवालाच्या भाषेत दिसायला हवा. 'समवयस्कांत मिसळत नाही' हे एक वाक्य झालं. 'दोघीतिघींत मोकळी बोलते, वर्गातल्या गोंगाटात गप्प होते' हे दुसरं. दुसऱ्यात अडचण झाकलेली नाही, उलट ती कुठे आहे हे कळतं, आणि शाळेने काय करावं हेही. गोंगाटाचा उल्लेख महत्त्वाचा आहे. आवाज, उजेड, स्पर्श यांचा त्रास हा 2013 च्या 'डीएसएम-5'पासून, म्हणजे निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी मनोविकार-पुस्तिकेपासून, ऑटिझमच्या निकषांतच आहे. लहान मुलाच्या बाबतीत तर मी आधी एवढंच विचारेन: असेसमेंट करणारे हात फडफडवणं थांबवा असं सांगतात, की ते मूल त्यातून स्वतःला शांत करतंय हे ओळखतात?

प्रतिसाद
माझं निदान चाळिशीत झालं, म्हणून दोन शब्दांबद्दल लिहिते.

'ऑटिस्टिक'साठी मराठीत वापरतात तो 'स्वमग्न' मला बोचतो. 1911 मध्ये स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी 'ऑटिझम' हा शब्द स्किझोफ्रेनियातल्या एका लक्षणासाठी घडवला, ग्रीक 'ऑटोस' म्हणजे 'स्वतः' यावरून. 'स्वमग्न' त्याच वाटेने आला. पण मी स्वतःत बुडालेली नाही, चार जण एकदम बोलले तर माझी दमछाक होते. मी 'ऑटिस्टिक' म्हणते. कुणाला 'ऑटिझम असलेली व्यक्ती' हवं असेल तर त्यांच्यासाठी तेच म्हणावं.

दुसरा, 'मास्किंग'साठी, म्हणजे इतरांसारखं वागून आपलं वेगळेपण झाकण्यासाठी, वापरला जाणारा 'मुखवटा'. त्यात फसवणुकीचा वास येतो. मी 'निभावून नेणं' म्हणते. डोळ्यांत बघणं, हसण्याच्या जागा हे सगळं मी पाठ केलं होतं. एका डॉक्टरांनी 'तुम्ही डोळ्यांत बघून बोलता, मग ऑटिझम कसा?' म्हणून परत पाठवलं. खरं तर डीएसएम-5 मध्येच म्हटलंय की लक्षणं लहानपणापासून असावी लागतात, पण शिकून घेतलेल्या युक्त्यांमुळे ती पुढे झाकली जाऊ शकतात. त्यामुळे वेळ घेण्याआधी फोनवर विचारा: प्रौढांचं, विशेषतः बायकांचं असेसमेंट करता का? आईवडील हयात नसतील तर लहानपणाच्या माहितीसाठी काय धरता? माझ्या वेळी जुनी प्रगतिपुस्तकं आणि मोठ्या भावाच्या आठवणी चालल्या होत्या.