अनुभव धागा: स्टेशनावर उतरल्यावर वाट कुणी दाखवली?

शाहूपुरीकर
काल दुपारी कोल्हापूर स्टेशनासमोर उभा होतो. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं एक कुटुंब आलेलं, विदर्भाकडचं. त्यातल्या पोरानं मोबाइल पुढं करून विचारलं, "दादा, रत्नागिरीची बस कुठून?" मी स्टँडकडं हात करणार तेवढ्यात मागनं आजी ओरडल्या, "अरे, ज्योतिबा म्हण ना, ज्योतिबा!" पोरानं कुठंतरी 'वाडी रत्नागिरी', म्हणजे ज्योतिबाच्या गावाचं नाव, वाचलं होतं आणि त्यातली वाडी गाळली होती. थोडक्यात वाचले, नाहीतर घाट उतरून कोकणात पोचले असते.

त्यावरनं आमच्या आबांची आठवण झाली. स्टेशन रोडला त्यांचं छोटं लॉज होतं, स्टेशनाच्या समोरच्या अंगाला. दारावर आतल्या बाजूनं एका पेंटरकडनं त्यांनी नकाशा रंगवून घेतला होता. वर स्टेशन, त्याच्याही वर राजारामपुरी, उजवीकडं व्हीनस कॉर्नर, दसरा चौक, बिंदू चौक, भवानी मंडप, अंबाबाई, शेवटी रंकाळा. डावीकडं एसटी स्टँड. प्रत्येक ठिकाणाखाली चालत किती वेळ आणि टांग्याला किती पडतील ते खडूनं, म्हणजे भाव वाढला की पुसून नवा लिहायचा. बिंदू चौकाजवळ पेंटरनं स्वतःच्या हौसेनं एक बैल काढला होता, त्याचा कशाशी संबंध नव्हता.

एकदा एक मास्तर उतरले होते. नकाशा बघून चिडले. "अहो, उत्तर खाली आणि दक्षिण वर? पोरं काय शिकतील?" आबा म्हणाले, "मास्तर, पोरं शाळेत शिकतील. तुम्ही ह्या दारातनं बाहेर पडा आन् नकाशात उजवीकडं हाय तर उजवीकडं वळा." संध्याकाळी मास्तर प्रसाद घेऊन परत आले. उत्तरेचा विषय काढला नाही.

तर अनुभव टाका. स्टेशन कुठलंही चालेल. तक्रार असेल तर ठिकाणाचं नाव नको, मागच्या धाग्यात त्यावरनं फार वाजलं होतं.

कट_मारके
कुठलं लॉज ओ? आमचे चुलते तिथंच कुठंतरी राहायचे.

शाहूपुरीकर
आता तिथं मोबाइल कव्हरचं दुकान आहे. नकाशावर पीओपी झालं. बैलासकट.

जयसिंगपूरची_लेक
ज्योतिबाचं जे होतं तेच आमच्याकडं उलटं. नरसोबाच्या वाडीला जाणारे पार कोल्हापुरापर्यंत जातात आणि मग एसटीनं मागं येतात. अहो, जयसिंगपूरला उतरा ना! माझे वडील गाडीत कुणाच्या हातात दत्ताचा फोटो दिसला की आपणहून विचारायचे, "वाडीला का? मग उठा, आलं." आई चिडायची, कुणी विचारलंय का तुम्हाला म्हणून. एकदा ज्याला उठवलं तो नेमका कोल्हापूरचाच निघाला, फोटो घेऊन घरी चाललेला. तोवर बिचाऱ्याची बॅग खाली काढून झाली होती.

घाटमाथा
कोकणातल्या वैभववाडीची गाडी कुठल्या फलाटाला लागते? दुसरीत होतो तेव्हापासून विचारतोय.

कट_मारके
मंजुरीच्या फलाटाला लागलीय भावा. सिग्नल मिळंना.

सुगरण_नव्हे
कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते. एका मोठ्या जंक्शनवर (नाव नाही घेत) सासूबाईंना घेऊन उभी होते. त्यांचे गुडघे, दोन बॅगा, लोणच्याची बरणी वेगळी. वर लाल अक्षरांत डब्याचे नंबर लागले होते, एस फोर आमच्या डोक्यावर. निवांत बसलो. तिथले एक हमालमामा जाता जाता म्हणाले, "ताई, आज गाडी उलटी लागून येतीय, तुमचा डबा तिकडं टोकाला." मी वर बोट दाखवलं. ते म्हणाले, "ते आत्ता बदलंल, गाडी दिसल्यावर." आणि तसंच झालं! गाडी दिसायला लागली आणि आमच्या डोक्यावर जनरल. अख्खा फलाट इकडनं तिकडं, तिकडनं इकडं. मामांचं ऐकून आम्ही आधीच टोकाला पोचलो होतो म्हणून बसायला मिळालं. सासूबाईंनी त्यांना जबरदस्तीनं लोणचं दिलं, कशात तर त्यांच्याच रुमालात.
शिट्टी झाली, जाते.

मिरज_फलाट
वहिनी, लोणचं कशाचं?

सुगरण_नव्हे
माइनमुळ्याचं. प्रश्न तरी काय विचारतात लोक.

खिडकीआडचा
निवृत्त माणूस, त्यामुळे वेळ आहे, लांबण लावतो. चौकशीच्या खिडकीत आयुष्य गेलं. कुठल्या स्टेशनात ते जाऊ द्या.

लोकांना वाटतं खिडकीत गाड्यांच्या वेळा विचारतात. वेळा विचारणारे असतातच, पण गाडीतनं उतरलेला माणूस पहिल्यांदा विचारतो संडास कुठं, मग पाणी कुठं, मग बाहेर जायचं दार कुठल्या बाजूला. गाडीची चौकशी चढणाऱ्याला. उतरणाऱ्याच्या कामाचं कुठंच काही लिहिलेलं नसायचं, म्हणून मी खिडकीच्या काचेला एक कागद चिकटवला होता: बस स्टँड बाहेर पडून कुठल्या हाताला, शेवटची सिटी बस किती वाजता, जवळचा दवाखाना, धर्मशाळा. साहेब आले की काढायचा, साहेब गेले की लावायचा.

दुसरं, रात्री बाराचं प्रकरण. तिकिटावर ००:०५ आणि तारीख १५. माणूस १५ तारखेला जेवूनखाऊन रात्री साडेअकराला हजर. गाडी आदल्या रात्रीच गेलेली! एक पूर्ण वऱ्हाड असं आलं होतं, नवरदेवासकट. काय सांगणार त्यांना. तेव्हापासून ००:०० ते ०१:०० मधल्या गाड्यांपुढं मी फळ्यावर स्वतः लिहायचो, "म्हणजे १४ च्या रात्री झोपायच्या आधी". व्याकरण कसंही असो, गर्दी कमी झाली.

आणि घोषणा. एकेक आकडा, एकेक गाव वेगळं रेकॉर्ड केलेलं असतं, मशीन ते तुकडे जोडतं. म्हणून बाईंचा आवाज 'एक, सात, चार' करत ठेचकाळत जातो. २० डिसेंबर २०१० पासून गाड्यांचे नंबर पाच आकडी झाले तेव्हा पहिले काही दिवस तर लोक वर बघून हसायचे. गंमत अशी की नंबर कुणीच ऐकत नाही. आपल्या लोकांना गाडी नावानं कळते. महालक्ष्मी, कोयना, हरिप्रिया.

कळंबा_रोड
काका, डब्यावर चिकटवलेल्या चार्टाबद्दल पण लिहा ना. आम्ही मित्र मित्र सगळ्या डब्यांचे चार्ट वाचत जायचो. नाव, वय, स्त्री की पुरुष, कुठं उतरणार, सगळं! शेजारच्या बर्थवर 'एफ २२' दिसली की मित्र इन शर्ट करून यायचा. आणि गाडी सुटताना तिथं हमखास तिचे वडील बसलेले, तिला बायकांच्या डब्यात पाठवून.

खिडकीआडचा
१ मार्च २०१८ पासून मोठ्या स्टेशनांवर ते चिकटवणं बंद केलं. कागद, डिंक, माणूस सगळं वाचलं. तुमच्या मित्राचं नुकसान झालं.

टेम्सकाठचा_पैलवान
मूळचा शिवाजी पेठेचा, सध्या लंडन. शाहूपुरीकर, तुमच्या आबांचं ऐकून उडालोच. इथं रस्त्यावर जे नकाशाचे खांब आहेत ना, 'लीजिबल लंडन' म्हणतात, ते २००७ साली बाँड स्ट्रीट भागात पहिल्यांदा लावले. त्यांची सगळी खुबी हीच: उत्तर वर नसते, तुम्ही ज्या दिशेला तोंड करून उभे आहात ती वर असते. एकाच खांबाच्या दोन बाजूंना दोन उलटे नकाशे. आणि चालत पाच मिनिटांत कुठवर पोचाल त्याचं वर्तुळ काढलेलं.

रेल्वे स्टेशनांवरही बाहेर पडायच्या जागी पोस्टर असतं. आजूबाजूचा नकाशा, कुठल्या नंबरची बस कुठं जाते, ती कुठल्या थांब्यावर मिळते. थांब्यांना ए, बी, सी अशी अक्षरं, तीच अक्षरं थांब्याच्या खांबावर. नवखा माणूस कुणाला न विचारता निघतो.

फक्त मला इथं पहिल्या वर्षी ह्याचाच कंटाळा यायचा. दिवसभर कुणाला काही विचारायचीच गरज नाही! आपल्याकडं पत्ता विचारला तर माणूस आधी कुठलं गाव विचारतो, मग पाहुणे निघतात, मग चहा.

कट_मारके
आणि मग पत्ता चुकीचा सांगतो.

टेम्सकाठचा_पैलवान
पण किती आत्मविश्वासानं! 'सरळ जावा की' म्हणतो आणि पुढं भिंत.

कानानं_बघणारा
मला दिसत नाही, फोन वाचून दाखवतो, तसाच बोलून लिहितोय. चुका सांभाळून घ्या. नकाशाचं सगळे बोलताय म्हणून माझं. म्हैसूर स्टेशनावर ब्रेलमधले नकाशे आहेत, हाताला फलाट, जिना, तिकीट खिडकी लागते. मी तिथं मुद्दाम रेंगाळलो. पहिल्यांदाच एखाद्या स्टेशनाचा आकार कळला, नाहीतर स्टेशन म्हणजे माझ्यासाठी नुसता आवाज.

आणि पायाखालच्या त्या उंचवट्याच्या पिवळ्या फरश्या. उभ्या रेघा असतील तर चालत राहा, गोल टिपके आले तर थांबा, पुढं काहीतरी आहे. डोळस लोकांना ती नक्षी वाटते. एका स्टेशनावर त्या फरशीवरनं छान चाललो होतो आणि काठी थेट पार्सलच्या खोक्यात. माशांचं पार्सल, हे नाकानं सांगितलं. मालक म्हणाला, "सर, इकडनं या ना, तिकडं कशाला जाता?"

कोल्हापुरात उतरलो की मला फार लागत नाही. रिक्षावाल्यांचा आवाज कुठनं येतो ते धरून निघायचं.

सुगरण_नव्हे
दादा, टिपक्यांचं खरंच माहीत नव्हतं. लेकाला सांगते, तो त्यावर उड्या मारतो.

रुकडीकर
२०१९ चा पूर. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली, मी मिरजेत अडकलेलो. बोर्डवर काही नाही, ॲपवर गाडी 'वेळेवर'. खरी बातमी एका चहावाल्याकडं, कारण त्याचा मेहुणा गावात गच्चीवर बसून फोनवर पाणी कुठवर आलं सांगत होता. सगळा फलाट त्याच्याभोवती. चहा पण खपला बक्कळ.

गूळ_भेली
कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं कुणी लिहिलं नाही अजून. १९४३ ते ४८ तिथं पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, जवळपास पाच हजार माणसं. मी लहान असताना एक म्हाताऱ्या गोऱ्या बाई गावात आल्या होत्या, हातात पेन्सिलीनं काढलेला नकाशा. बराकींच्या रांगा, विहीर, चर्च, शाळा. आमच्या आजीनं तो उलटसुलट करून बघितला आणि विहिरीवर बोट ठेवून सरळ चालायलाच लागली. दोघींना एकमेकींची भाषा ओ की ठो कळत नव्हती. आजी वाटेत तिला सगळ्या भाऊबंदकीची माहिती देत होती, ह्यानं बांध कोरला, त्यानं विहीर बुजवली. बाई मान हलवत होत्या.

शाहूपुरीकर
गूळ भेली, ह्यावर वेगळा धागा काढा राव.

दिल्लीचा_जावई
ॲपवर 'कोल्हापूर' टाकलं की 'सी शाहूमहाराज टी' असं काहीतरी येतं, म्हणजे छत्रपती शाहू महाराज टर्मिनस, बाहेरचा माणूस बिचकतो. सरळ स्टेशनाचा कोड केओपी टाका. माझ्या साल्याला वाटलं टी म्हणजे टी स्टॉल.

मिरज_फलाट
एक विचारू? उद्या सासरे सकाळच्या कोयनेनं निघतायत. पाऊस असाच राहिला तर स्टेशनाजवळच्या परीख पुलाखालनं रिक्षा जाईल का?

रुकडीकर
पाणी भरलं की अवघड. राजारामपुरीतनं येणार असतील तर अर्धा तास आधी काढा आणि वळसा घाला.

खिडकीआडचा
आणि निघायच्या आधी रेल्वे चौकशीच्या १३९ ला फोन करा. सासऱ्यांना डबा कुठला ते कागदावर लिहून द्या, मोठ्या अक्षरात. मोबाइलवर पाठवू नका, चष्मा बॅगेत असतो.