पर्सी जॅक्सन: नक्कल म्हणून सोडून देऊ नका

पर्सी जॅक्सन ही मुलांसाठीची पुस्तकमालिका; तिला कुणी कुणी 'हॅरी पॉटरची ग्रीक झेरॉक्स' म्हणतं. तीन मित्र, छावणी, भविष्यवाणी... साम्य आहेच. पण मूळ वेगळं आहे. लेखक रिक रायर्डन तेव्हा शाळामास्तर होते. त्यांच्या मुलाला एडीएचडी (एका जागी लक्ष टिकत नाही) आणि डिस्लेक्सिया (वाचताना अक्षरांचा गोंधळ होतो). रात्री झोपताना ते त्याला ग्रीक पुराणातल्या गोष्टी सांगायचे. त्या संपल्या तेव्हा पोरगा म्हणाला, मग नवीन सांगा! त्यातून २००५ साली मालिकेतलं पहिलं पुस्तक 'द लाइटनिंग थीफ' आलं. म्हणून तर ग्रीक देवाचा मुलगा असलेल्या पर्सीला इंग्रजी अक्षरं नाचताना दिसतात: त्याचा मेंदू प्राचीन ग्रीकसाठी घडलाय. वर्गात 'ढ' ठरलेल्या मुलाला हे वाचून काय वाटत असेल, विचार करा.

मला सगळ्यात आवडते ती मेड्युसा, जिच्या नजरेला नजर भिडली की माणसाचा दगड होतो अशी ग्रीक पुराणातली राक्षसीण. न्यू जर्सीत रस्त्याकडेला तिचं बागेतल्या पुतळ्यांचं दुकान. भुकेल्या पोरांना मायेनं चीजबर्गर खाऊ घालते आणि मग म्हणते, या, तुमचा एक फोटो काढते. सगळ्या पुतळ्यांचे चेहरे इतके घाबरलेले का, हे वाचणाऱ्याला पर्सीच्या आधी कळतं आणि पोटात गोळा येतो. ग्रीक देवांचं घर असलेला ऑलिंपस पर्वत न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या सहाशेव्या मजल्यावर, हेही तसंच झकास. (पुढच्या भागांत विनोद थोडे तेच ते होतात, ते मान्य.)

मुलांना देणार असाल तर २०१० चा सिनेमा मात्र आधी दाखवू नका. पुस्तकातला बारा वर्षांचा पर्सी तिथे चांगला मिसरूड फुटायच्या वयाचा केलाय, सगळी गंमतच गेली.