बोर्दोहून एका दिवसाच्या सहली : माळकरी बाबांसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही फ्रान्समध्ये टूलूझला राहतो. सप्टेंबरअखेर आईबाबा निफाडहून येताहेत. बोर्दोत चार रात्री मुक्काम, रोज सकाळी निघायचं आणि संध्याकाळी परत, असा बेत आहे. अडचण अशी की इथल्या बहुतेक वाईन टूर म्हणजे ग्लास हातात घेऊन या तळघरातून त्या तळघरात. बाबा माळकरी, थेंबाला शिवणार नाहीत. पण घरची तीन एकर द्राक्षबाग आहे, त्यामुळे बागा मात्र डोळे भरून बघायच्यात.

आणि मुख्य म्हणजे 'बोर्डो' बघायचंय! आमच्याकडे द्राक्षांवर बुरशी येऊ नये म्हणून मारतात त्या मोरचूद-चुन्याच्या फवारणीला बोर्डोच म्हणतात. लहानपणी मी ड्रम ढवळायचे आणि बाबा त्यात विळ्याचं पातं बुडवायचे. पात्यावर तांबूस थर चढला की आणखी चुना. हे एका गावाचं नाव आहे हे मला फ्रान्समध्ये आल्यावर कळलं. बोर्दोजवळच्या मेदोक या द्राक्षपट्ट्यात, साँ-ज्युलियाँ गावी १८८२ साली मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांना रस्त्याकडेच्या वेली डाऊनी या बुरशीरोगातून वाचलेल्या दिसल्या. येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून त्यांवर हे निळं मिश्रण मारलेलं होतं! बाबांना हे सांगितल्यापासून 'तो रस्ता दाखव' एवढंच चाललंय.

तर मेदोकला ट्रेनने जमेल की गाडीच घ्यावी? बोर्दोजवळच्याच सोतेर्नला गोड वाईनसाठी बुरशी धरलेली द्राक्षं मुद्दाम वेलीवर ठेवतात, ती दिसतील का? (बाबांना ही थाप वाटते. मण्यावर एक डाग दिसला तर ते रात्रभर झोपत नाहीत.) आईला समुद्र हवाय, पण गुडघे दुखतात.

प्रतिसाद १
मेदोकला गाडीच घ्या. ट्रेन पोयाकपर्यंत जाते, पण बागा स्टेशनांपासून लांब पसरल्यात. डी२ रस्ता धरा, साँ-ज्युलियाँ वाटेवरच लागतं. आत जायचं तर आधी वेळ ठरवा, तोडणीच्या दिवसांत बरेच जण पाहुणे घेत नाहीत. मांडवाची सवय असलेल्यांना तिथल्या वेली बुटक्या वाटतील, जेमतेम कमरेएवढ्या, आणि लागवड अगदी दाट.

प्रतिसाद २
सोतेर्नला सकाळी लवकर जा. सिरों ही गार पाण्याची छोटी नदी गारोनला मिळते, तिथे शरदात धुकं धरतं आणि त्यानेच ती बुरशी येते. तोडणी एका झटक्यात नाही, त्याच वेलीवर अनेक फेऱ्या. साँ एमिलिओं सुंदर, खडकात कोरलेलं चर्च बघाच, पण गावात दगडी चढउतार आहेत. काकूंना छोट्या टुरिस्ट ट्रेनमध्ये बसवा, ती बागांतूनच फिरवते. समुद्रासाठी आर्काशों, बोर्दोहून थेट ट्रेन आहे. जवळची पिलाची वाळूची टेकडी शंभरेक मीटर उंच, ती खालूनच बघा. आणि हो, बोर्दोचा कानले केक घेऊ नका, त्यात अंडं असतं आणि रमही!

धागाकर्ती
खूप आभार! कानलेचं आधीच कळलं ते बरं, नाहीतर मीच डबा भरून आणणार होते. बाबांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, "ते राहू दे, तिथले लोक बोर्डो एक टक्का मारतात की अर्धा, तेवढं विचार." कुणाला माहीत असेल तर सांगा.