रत्नाकर मतकरी: माध्यमे वाढली, त्यात नाटककार मागे पडला का? (टोपणनावांनी लिहिणाऱ्यांची चर्चा)

तिसरी घंटा
१९६० नंतरच्या मराठी नाटकाविषयी बोलताना तेंडुलकर, एलकुंचवार, आळेकर ही नावे ओघाने येतात; मतकरींची बोळवण मात्र बहुतेक वेळा 'आणि इतर' अशी होते. १९५५ साली 'वेडी माणसं' ही त्यांची एकांकिका आकाशवाणीवरून सादर झाली, तेव्हापासून मे २०२० मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते नाटके, बालनाट्ये, गूढकथा, सदरे, दूरचित्रवाणी मालिका असे सगळीकडे लिहीत राहिले. माझे स्पष्ट मत असे की या पसाऱ्याची किंमत त्यांच्यातल्या नाटककाराने मोजली.

हे मी त्यांच्या 'आरण्यक' या नाटकाकडे पाहून म्हणतो. युद्ध संपलेले आहे, राज्य पांडवांचे आहे, आणि धृतराष्ट्र व गांधारी वनाची वाट धरतात. कुंती तर जिंकलेल्यांची आई. तिला राजवाडा सोडण्याचे काही कारण नाही. तरीही ती शंभर मुले गमावलेल्या गांधारीच्या सोबतीने निघते, आणि ज्या कर्णाला तिने आयुष्यभर आपला म्हटले नाही त्याचे ओझेही तिच्याबरोबर निघते. विजयानंतरचे हे रितेपण ज्याने १९७४ मध्ये रंगमंचावर उभे केले, त्याने पुढची दहा वर्षे फक्त नाटकच लिहायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

पिटातला प्रेक्षक
आपल्या मांडणीतला काळाचा हिशेब जुळत नाही. 'आरण्यक' लिहिले तेव्हा मतकरी बँकेत नोकरी करत होते, त्यांची बालनाट्य संस्था जोरात चालू होती आणि कथालेखनही थांबलेले नव्हते. गावातल्या दलितांवरच्या अत्याचाराला भिडणारे 'लोककथा ७८' हे नाटकही याच धबडग्यातून आले. शक्ती वाटली गेल्यामुळे लेखन पातळ झाले, असे म्हणायचे तर त्यांची सर्वांत कसदार नाटके नेमकी याच वर्षांत कशी लिहिली गेली, याचे उत्तर द्यावे लागेल.

शिवाय कोणता विषय कुठे मांडायचा याची त्यांना पक्की जाण होती. 'इन्व्हेस्टमेंट' ही त्यांची मूळ कथा. आपल्या शाळकरी मुलाच्या हातून एका मुलीचा खून झाला आहे हे कळल्यावर सुशिक्षित, महत्त्वाकांक्षी आईबाप त्याला वाचवायला सरसावतात. सत्तरी ओलांडल्यावर मतकरींनी स्वतः तिचा चित्रपट केला आणि त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या आईबापांचे निर्ढावणे ओरडून सांगायचे नव्हते, ते चेहऱ्यावर जवळून दिसायला हवे होते, आणि तिथे कॅमेराच हवा.

पानोपानी
'इन्व्हेस्टमेंट'पुरते मान्य. पण त्यांच्या गूढकथांवरच्या 'गहिरे पाणी' या दूरचित्रवाणी मालिकेबाबत मी तिसरी घंटा यांच्या बाजूने आहे. मतकरींची गूढकथा वाचताना भीती हळूहळू मुरत जाते, कारण घर, माणसे, रोजचे बोलणे सगळे ओळखीचे असते आणि नेमके काय बिनसले आहे ते वाचकाला स्वतःच ताडावे लागते. पडद्यावर पार्श्वसंगीत सुरू झाले की प्रेक्षक आधीच सावध होतो. मालिकेमुळे त्यांना मोठा वर्ग मिळाला हे खरे, परंतु त्यातल्या अनेकांना ते केवळ भयकथांचे लेखक म्हणून ठाऊक झाले, आणि हे नुकसान लहान नाही.

विंगेतून
चर्चा मालिकांवरच अडकली आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. मतकरींना गंभीर नाटककारांच्या पंक्तीत न बसवण्याचे खरे कारण दूरचित्रवाणी नाही, तर बालनाट्याला आपण सुट्टीतला विरंगुळा मानतो हे आहे. 'अलबत्या गलबत्या'मधली चेटकीण एके काळी दिलीप प्रभावळकरांनी केली. २०१८ मध्ये वैभव मांगले यांनी केली, तेव्हाही नाट्यगृहे भरली. मुलांसमोर प्रयोग करणे हे मोठ्यांसमोर करण्यापेक्षा अवघड असते, कारण कंटाळलेले मूल शिष्टाचार पाळत नाही, ते सरळ बोलू लागते किंवा उठून चालू लागते. या प्रेक्षकाला धरून ठेवण्याची ताकद हीच नाटककाराची ताकद आहे. उतारवयात ठाण्याच्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी त्यांनी 'वंचितांचा रंगमंच' उभा केला, जिथे मुले आपल्याच जगण्यावर नाटुकली बसवत. हे काम त्यांच्या नाट्यलेखनाबाहेरचे कसे मानायचे?

तिसरी घंटा
बालनाट्याला मी पसाऱ्यात मोजले, ते आता बाहेर काढतो; विंगेतून यांचे म्हणणे पटले. नोकरीचा दाखला मात्र माझ्याच बाजूचा वाटतो. १९७८ मध्ये नोकरी सुटली, पूर्ण वेळ हाती आला, आणि त्यानंतर 'चार दिवस प्रेमाचे'सारखी लोकप्रिय व्यावसायिक नाटके आली. ती मी आवडीने पाहिली आहेत. पण 'आरण्यक'च्या तोडीचे दुसरे नाटक त्यांत मला सापडत नाही, आणि 'इंदिरा'चे नाव कुणी घेतले तरी मी हेच म्हणेन.

पिटातला प्रेक्षक
पूर्णवेळ लेखकाला घर त्याच लेखनावर चालवावे लागते, हे धरूनच त्या नाटकांकडे पाहावे. त्यांत 'माझं काय चुकलं?' आणि 'घर तिघांचं हवं' पुन्हा वाचावीत अशी विनंती आहे. कुटुंबाच्या चौकटीत राहून कुटुंबालाच प्रश्न विचारणे, आणि तेही तिकीट काढून आलेल्या, करमणुकीच्या अपेक्षेने बसलेल्या प्रेक्षकासमोर, याला मी तडजोड म्हणणार नाही.