मदत हवी आहे : खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे मजेत, गोगलगायी एका रात्रीत खलास (सांगली)

गावभागकर | १४ एप्रिल, रात्री ११:२०

मंडळी नमस्कार. गोड्या पाण्याच्या टाक्या पंधरा वर्षं सांभाळल्या. गप्पी, एंजल, डिस्कस सगळं झालं. समुद्राच्या पाण्यात पहिल्यांदाच हात घातलाय आणि तिथंच अडकलोय. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हालाही उलगडा व्हायचा नाही.

टाकी ३ बाय दीड बाय दीड फूट. काठोकाठ १९० लिटर, दगड-वाळू वजा जाता १५० धरा. २०१९ ला आमच्या तळमजल्यात पाणी होतं, म्हणून टाकी पहिल्या मजल्यावर, खालून भिंत येते त्या कडेला. (आई म्हणते, समुद्र घरात आणायला पैसे कशाला घालवतोस, कृष्णामाई फुकट येते की दारात.)

कॅनिस्टर, स्पंज, बायोबॉल असला कुठलाच फिल्टर लावायचा नाही असं आधीच ठरवलं होतं. दगड आणि वाळूतल्या जिवाणूंनीच पाणी राखायचं. १८ किलो कोरडा दगड, दोन इंच अरॅगोनाइट (चुनखडीची) वाळू, पाणी फिरवायला दोन पॉवरहेड. फेसातनं घाण काढणारा स्किमरही नाही. पाणी घरच्या आरओचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ८. मळ्यातनं २०० लिटरचा ड्रम आणला, घासूनपुसून त्यात मीठ कालवतो. मीठ विकतचं रीफ सॉल्ट, लिटरला ३६ ग्रॅम. खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ येतं. गंमत म्हणून द्राक्षबागेच्या पाण्याचे क्षार मोजायचा ईसी मीटर बुडवून बघितला, तो थेट 'ओव्हर' दाखवून गप्प. आम्ही ईसी दीडवर गेला की बागेची काळजी करणारी माणसं. समुद्राचा ५३ असतो हे नंतर वाचलं.

सायकल (म्हणजे दगडात जिवाणूंची वस्ती बसवणं) सुरू करायला बाजारातली एक कोळंबी टाकून सडवली. (आई माळकरी आहे. तिला हे अजून माहीत नाही, कृपया कुणी आमच्या गल्लीत बोलू नका.) अमोनिया ४ पर्यंत चढला, चौथ्या आठवड्यात शून्य. सहाव्यात नायट्राइट शून्य. नायट्रेट २०. मग क्लाउन माशांची जोडी सोडली. दोन आठवडे झाले, हातातनं खातात.

आता रडगाणं. चार टर्बो गोगलगायी आणल्या, संध्याकाळी उलट्या पडल्या, सकाळी मेलेल्या. वाटलं पाण्याची सवय नीट करून दिली नाही. पुढच्या वेळी तीन गोगलगायी आणि एक क्लीनर श्रिंप (कोळंबीच), थेंब थेंब पाणी देत दोन तास बसलो. श्रिंप दुसऱ्या दिवशी गेला, गोगलगायी त्याच्या आधीच. मासे मात्र ठणठणीत. दुपारी पाणी साडेतीसपर्यंत तापतं, त्याने असेल का?

दुसरं : दुकानदार म्हणतो कोरड्या दगडात जीव नसतो, रामेश्वरमचा लाइव्ह रॉक (समुद्रातनं जीवजंतूंसकट काढलेला दगड) मागवून देतो, सगळं सुरळीत होईल. घेऊ का?

---

सोन्या७७ | १५ एप्रिल, सकाळी ८:०५

एवढं महाग मीठ कशाला राव. मिठागरातनं खडे मीठ आणा पोतंभर, समुद्राचंच असतं ते. लई खर्च वाचंल.

---

खारवी | १५ एप्रिल, सकाळी ९:४०

सोन्या७७, आमचं घर किनाऱ्यावर आहे म्हणून सांगतो, मिठागराचं मीठ म्हणजे समुद्र नव्हे. पाणी आटताना जिप्सम आधीच खाली बसतं, म्हणजे कॅल्शियमचा मोठा वाटा गेला. मग मीठ धरतं. मॅग्नेशियम शेवटच्या कडवट पाण्यात राहतं आणि ते पाणी काढून टाकतात. पोत्यात उरतं ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. भाजीला ठीक.

गावभागकर, दगडाबद्दल स्पष्ट बोलतो : घेऊ नका. रामेश्वरमजवळचा मन्नारच्या आखाताचा भाग १९८६ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथला 'दगड' म्हणजे बहुतेक वेळा प्रवाळाचाच तुकडा, आणि सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. मेलेला असला तरी तो प्रवाळच. समुद्रपंखे, काळं पोवळं, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या, सगळे त्याच यादीत. मालवणला पोहताना सापडला म्हणून खिशात घातला तरी तेच. क्लाउनची पैदास आता आपल्याकडे टाकीतच होते, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते तंत्र कधीच बसवलंय. तेव्हा मासे घेतानाही हॅचरीचेच मागा.

आणि पुढे कुणीतरी सुचवेलच म्हणून आधीच सांगतो, इथून कॅनमधून समुद्राचं पाणी न्यायचं असेल तर पावसाळ्यात अजिबात नको. खाडीच्या तोंडाशी पाणी गोडसर आणि गढूळ असतं.

---

पाणबुड्या_पुणे | १५ एप्रिल, दुपारी १:१५

दगडाबाबत खारवींशी सहमत. आणि दुकानदाराचं ते 'कोरड्या दगडात जीव नसतो' हे पहिल्या दिवशीपुरतं खरं. तुमच्या दगडात आता जिवाणू आहेत, पाणी तपासायच्या तुमच्याच किटने ते दाखवलंय. अमोनिया आपोआप शून्य होत नाही.

राहिलं नायट्रेट. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडाच्या बाहेरच्या थरात राहतात, त्यांना ऑक्सिजन लागतो. नायट्रेट मोडून त्याचा वायू करणारे आत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही अशा छिद्रांत. ही आतली वस्ती सगळ्यात उशिरा बसते. कोरड्या दगडात तर महिने लागतात. दोन इंच वाळूचा त्या कामाला फारसा उपयोग नाही, चार-पाच इंच असती तर झाला असता. त्यामुळे आठव्या आठवड्यात २० हे काही वाईट नाही. मागच्या बाजूला एक कप्पा करून त्यात कीटोमॉर्फा शेवाळ ठेवा, ते नायट्रेट-फॉस्फेट खाऊन वाढतं. मूठभर उपटून फेकलं की तेवढी घाण टाकीबाहेर. त्याचा दिवा रात्री लावा, म्हणजे मोठ्या टाकीत अंधार असताना पीएच घसरत नाही.

तुमची पद्धत जुनीच आहे, वेड्यासारखं काही नाही. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्येच लिहिलं होतं : जिवंत दगड, समुद्राचं पाणी आणि हवेचे बुडबुडे, बस. नंतर बर्लिनवाल्यांनी दगडाला स्किमर जोडला, मोनॅकोत जोबेर यांनी वाळूखाली पाण्याची पोकळी ठेवली. फक्त लक्षात घ्या, जकार्तातल्या माणसाला समुद्र हाताशी होता. आपल्याला नाही, म्हणून थोडं धिम्याने.

गोगलगायींचं कोडं मात्र मला सुटत नाहीये. साडेतीस जास्त आहे, पण त्याने एका रात्रीत मरणार नाहीत. रिफ्रॅक्टोमीटर कशावर शून्य केलाय? आरओच्या पाण्यावर केला असेल तर समुद्राइतक्या, ३५ खारेपणाच्या द्रावणावर तपासा, फरक पडतो.

---

गावभागकर | १५ एप्रिल, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. दगड रद्द. दुकानदाराला कायद्याचं बोललो तर म्हणाला, सगळेच घेतात. असो.

रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या द्रावणावर तपासला, बरोबर आहे. अमोनिया आज पुन्हा शून्य, पीएच ८.१, अल्कलिनिटी ८. गोगलगायी ज्या दुकानातनं आणल्या तिथे त्याच लॉटमधल्या बाकीच्या अजून काचेवर फिरतायत. म्हणजे खोट माझ्याच पाण्यात.

---

अनुजा_मिरज | १६ एप्रिल, सकाळी ७:५०

दादा, मासे जगतात आणि गोगलगाय-कोळंबी मरते हे ऐकलं की मला पहिलं तांबं आठवतं. सफेद ठिपक्यांच्या रोगावर माशांना औषध म्हणून तांबंच देतात, लिटरला ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम. मासा ते सोसतो, बिनकण्याचे प्राणी नाही.

आरओचं पाणी कशात साठवता? आमच्याकडे अजून तांब्याच्या घागरीत भरून ठेवायची पद्धत आहे. प्यायला चांगलं म्हणतात, पण आरओच्या पाण्यात क्षार नसतात, ते जरा आम्लही असतं, भांड्यातलं तांबं लवकर ओढून घेतं.

---

गावभागकर | १६ एप्रिल, सकाळी ८:१५

नाही हो ताई, आरओखाली प्लास्टिकची टाकी आहे. पॉवरहेडचं लोहचुंबकही सीलबंद, ते उघडून बघितलं. नळीला पितळी जोड होता का म्हणून कालच मागपर्यंत चाचपून आलो. नाही.

---

बेदाणा | १६ एप्रिल, दुपारी ३:३०

मी तासगावकडचा, टाकीतलं मला काही कळत नाही, भाच्याने धागा दाखवला. एकच विचारतो. ड्रम मळ्यातनं आणला म्हणालात. त्यात आधी काय कालवत होता?

---

गावभागकर | १६ एप्रिल, दुपारी ३:५५

बोर्डो.

---

बेदाणा | १६ एप्रिल, संध्याकाळी ४:१०

मग संपलं की.

---

अनुजा_मिरज | १६ एप्रिल, संध्याकाळी ६:००

बाहेरच्यांसाठी : बोर्डो म्हणजे मोरचूद (तांब्याचं सल्फेट) आणि चुना, एक टक्क्याचं करायचं तर शंभर लिटर पाण्याला एक-एक किलो. द्राक्षाच्या केवडा रोगावर वर्षानुवर्षं हेच मारतात, छाटणीनंतर खोडाला त्याची पेस्टही लावतात. ड्रमच्या शिवणीत, झाकणाच्या आट्यांत त्याची निळसर खपली बसते. घासून वरची जाते, कोपऱ्यातली राहते.

किती लागतं बघा. १५० लिटरमध्ये लिटरला ०.२५ मिलिग्रॅम आणायला सगळं मिळून ४० मिलिग्रॅमसुद्धा तांबं नको. मोरचुदात ते साधारण चौथा हिस्सा असतं, म्हणजे मोरचूद दीडशे मिलिग्रॅम. चिमूटही म्हणता येणार नाही. तांब्याचं किट आणून तपासा, अंदाजावर पाणी ओतू नका.

---

गावभागकर | १९ एप्रिल, रात्री ९:४५

किट आलं. रंग ०.२ आणि ०.३ च्या मधे. ड्रमच्या झाकणाच्या आट्यात काडी फिरवली तर टोकाला निळं. दहा वर्षं त्या ड्रमात हाताने मोरचूद भिजवलंय मी, तरी डोक्यात आलं नाही. मासे जगले ते नशीब नाही, त्यांना मी जवळजवळ तीन आठवडे औषध पाजत होतो.

आता काय? दगड फेकू?

---

पाणबुड्या_पुणे | १९ एप्रिल, रात्री ११:००

लगेच फेकू नका. आधी नवा, खाण्याच्या वस्तूंसाठीचा ड्रम घ्या, मळ्यातला परत मळ्यात. त्यात पाणी करून निम्मं निम्मं तीनदा बदला. दर वेळी अर्धं उरतं, म्हणजे तिसऱ्यानंतर आठवा हिस्सा, ०.०३ च्या आसपास. बरोबर ताजा कार्बन (सक्रिय कोळसा) आणि तांबं धरणारं रेझिन पॉवरहेडसमोर पिशवीत लटकवा. पद्धत नैसर्गिक आहे म्हणून या वेळी हट्ट धरू नका, जिवाणू तांबं खात नाहीत.

अडचण अशी की चुनखडीचा दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात. वाळू स्वस्त आहे, ती काढून टाका. दगडाची परीक्षा घ्या : बादलीत नव्या ड्रमचं पाणी, टाकीतला एक दगड, छोटा पंप, एक गोगलगाय. आठवडा बघा.

उन्हाचं राहिलंच होतं. टाकीचं झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा मारा, सांगलीच्या कोरड्या एप्रिलात दोन-तीन अंश सहज उतरतील. पाणी मात्र रोज भरपूर उडेल. ते भरताना नुसतं आरओ घाला, खारं नाही. मीठ उडत नाही, मागेच राहतं. जूनमध्ये हवा दमट झाली की पंख्याचा जोर कमी होईल, पण तेव्हा ऊनही उतरलेलं असतं.

आणि वीज. गेली की पहिला दिवा जाऊ दे, इन्व्हर्टरवर फक्त एक पॉवरहेड ठेवा. तापलेल्या आणि खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी मावतो. हलायचं थांबलं की आधी मासे वर येतील, मग जिवाणू मरायला लागतील.

---

खारवी | २० एप्रिल, सकाळी १०:१०

तुमच्याकडे चुन्याची निवळी माहीत असेलच. पुढे दगडावर चुना धरणाऱ्या शेवाळाचा गुलाबी थर यायला लागला, गोगलगायींचं कवच वाढायला लागलं की कॅल्शियम कमी पडेल. तेव्हा उडालेल्या पाण्याच्या बदली हीच निवळी थेंबथेंब, रात्री. लिटरला दीड ग्रॅम चुना, ढवळून बसू द्यायचा, वरचं स्वच्छ पाणी फक्त. एकदम ओतलीत तर पीएच उडी मारेल. चुना खाण्याचा शुद्ध घ्या. मळ्यातला नको!

---

गावभागकर | २० एप्रिल, दुपारी १:००

मळ्यातलं आता मीठमिरचीसुद्धा आणणार नाही.

---

गावभागकर | ४ मे, रात्री १०:१५

पाणी तीनदा बदललं. वाळू काढली. रेझिन दोनदा बदललं. टाकीत किटला आता रंग येत नाही, आणि क्लाउन पूर्वीइतकेच आगाऊ आहेत. पाणी बदलून उतरलेलं नायट्रेट वाळू काढल्यावर पुन्हा १५ वर चढलं. पंख्याने पाणी दुपारी २८ च्या वर जात नाही, पण रोज चार लिटर आरओ पितं. कीटोमॉर्फा सापडलंय, पुढच्या आठवड्यात येईल.

बादलीतल्या दगडाजवळ गोगलगाय सोडून आज सहावा दिवस. पहिल्या रात्री तीनदा उठून टॉर्च मारला. आता ती रात्री काठावर चढून बाहेर पडायला बघते, म्हणून आईनेच वर झाकण ठेवलंय. आधी तांब्याचं ताट उचललं होतं तिनं, मग आठवलं, प्लास्टिकचं शोधून आणलं.