दोन ओसीएक्सओ, एक स्कोप: तुलना होते की नाही?

तारकेश: परवा इथे एकाने ठणकावून लिहिलं, 'फेज-नॉइज अ‍ॅनालायझर (ऑसिलेटरची थरथर मोजणारं यंत्र) नसेल तर ओसीएक्सओच्या स्थिरतेवर बोलूच नका.' गप्प बसवेना. १० मेगाहर्ट्झचे दोन ओसीएक्सओ, म्हणजे छोट्या ओव्हनमध्ये ठराविक तापमानाला ठेवलेले क्रिस्टल ऑसिलेटर, घ्या, एकावर स्कोप (लाट दाखवणारा ऑसिलोस्कोप) ट्रिगर करा, दुसऱ्याची लाट बघा. पूर्ण एक आवर्तन सरकलं म्हणजे १०० नॅनोसेकंद. त्याला १००० सेकंद लागले तर फरक दहा अब्जात एक. साधा फ्रिक्वेन्सी काउंटर १ सेकंदाच्या गेटवर (म्हणजे १ सेकंद मोजून) १ हर्ट्झला, म्हणजे कोटीत एकला अडतो. जुना स्कोप त्याच्या हजारपट पुढे!

गेटटाइम: ते वाक्य माझंच, आणि अजूनही म्हणतो. तुम्ही मोजलात तो ऑफसेट, म्हणजे दोघांतला सरासरी फरक, स्थिरता नव्हे. मधल्या एकेका सेकंदात लाट किती थरथरली ते सरासरीत बुडालं. टाऊ, म्हणजे किती काळाच्या सरासरीवर मोजलं ते, न सांगता 'स्थिर' म्हणण्याला अर्थ नाही. शिवाय दोघांतला कोण सरकला?

तारकेश: तिसरा घ्या, तिन्ही जोड्या मोजा, तिघांचं व्हेरिअन्स (थरथरीचं माप) सुटं होतं.

गेटटाइम: होतं ना! मित्राने तिन्ही एकाच सप्लायवर ठेवले आणि सर्वांत चांगल्याचं व्हेरिअन्स उणे आलं, जे खरं असूच शकत नाही. सप्लाय हलला की तिघं एकदम हलतात, जोडीच्या फरकात ते दिसतच नाही.

माळ्यावरची लॅब: तुम्ही टाऊवरून भांडा, आमच्याकडे दर गुरुवारी लाइट जाते. महिनाभर तापवत ठेवलेला ओसीएक्सओ तासाभरात गार. लाइट आल्यावर ओव्हन अर्ध्या तासात गरम होतो, पण क्रिस्टल आधीच्या फ्रिक्वेन्सीवर लगेच येत नाही, दोन-दोन दिवस रेंगाळतो. तक्रार केली तर 'मेंटेनन्स आहे'. इन्व्हर्टर लावला तर त्याचा खरखराट ट्यूनिंग व्होल्टेजवर, म्हणजे ज्याने फ्रिक्वेन्सी किंचित सरकवतात त्यावर. शेवटी १२ व्होल्टची बॅटरी घेतली.

सोल्डरकाका: अगदी! आमच्याकडे तर उन्हाळ्यात रोजच जाते. बॅटरी किती एएचची?

माळ्यावरची लॅब: ४२. गरम झाल्यावर ओसीएक्सओ दीड-दोन वॉटच खातो, दिवसभर आरामात चालतो. वर थर्माकोलचा खोका, नाहीतर पंख्याचा वारासुद्धा स्कोपवर दिसतो.

गेटटाइम: धागा विजेचा झाला! कुणी मोजमापावर बोलेल का?

सोल्डरकाका: लाइटच नसेल तर काय मोजणार, साहेब? ज्यांच्या लॅबला जनरेटर आहे त्यांनी आम्हाला शिकवू नये.

तारकेश: मुद्द्यावर येतो. एकाला ट्यूनिंगने १ हर्ट्झ बाजूला सरकवा, दोन्ही मिक्सरला (दोन फ्रिक्वेन्सींचा फरक काढणाऱ्या सर्किटला) द्या. बाहेर येणाऱ्या १ हर्ट्झच्या बीटमध्ये, म्हणजे फरकाच्या लाटेत, मूळचा फरक १ कोटी पट मोठा दिसतो. प्रत्येक बीटचा काळ साध्या काउंटरने नोंदवा, १ सेकंदाचा टाऊ हातात. अ‍ॅनालायझर कुठे लागला?

गेटटाइम: बरं, बीटचं मान्य. पण इतक्या सावकाश लाटेला थेट कंपॅरेटर (लाट शून्य कधी ओलांडते ते पकडणारं सर्किट) लावलात तर कंपॅरेटरचाच नॉइज मोजाल. आधी लो-पास फिल्टर, मग कमी नॉइजचे अ‍ॅम्प्लिफायर लावून लाटेचा चढ टप्प्याटप्प्याने वाढवा. आणि तिघांना वेगळे सप्लाय. आकडे टाका, मग बोलू.