एएसएमएक्स सर्विसच्या कन्स्ट्रक्टरमध्ये डिपेन्डन्सी कशी द्यावी?

काटेवाला: नमस्कार मंडळी. साखर कारखान्याच्या वजनकाट्याची जुनी एएसएमएक्स सर्विस (डॉट नेटमधली जुन्या पद्धतीची वेब सर्विस) माझ्याकडे आली आहे, डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ वर. प्रत्येक मेथड स्वतःच डेटाबेस उघडते, त्यामुळे युनिट टेस्ट लिहिताच येत नाही. म्हणून डिपेन्डन्सी, म्हणजे सर्विसला लागणारी रिपॉझिटरी (डेटाबेसशी बोलणारा क्लास), तिच्या इंटरफेसच्या रूपात कन्स्ट्रक्टरमध्ये घेतली आणि ऑटोफॅकमध्ये (असे ऑब्जेक्ट बनवून पुरवणारा कंटेनर) रजिस्टर केली. बिल्ड होतं, पण कॉल केला की ‘नो पॅरामीटरलेस कन्स्ट्रक्टर डिफाइन्ड’ असा एरर. काट्यावरचे क्लायंट जुने आहेत, एएसएमएक्स सोडता येणार नाही. काय करावं?

निळा_पेन: दोन कन्स्ट्रक्टर ठेवा. रिकामा कन्स्ट्रक्टर खरी रिपॉझिटरी ‘न्यू’ करून दुसऱ्याला देईल, टेस्टमध्ये दुसरा वापरा. पाच मिनिटांचं काम.

सह्याद्री७६: चालेल, पण मी सुचवणार नाही. रिपॉझिटरीला उद्या लॉगर लागला की तो रिकामा कन्स्ट्रक्टरही बदलायचा, आणि कंटेनर नुसता शोभेला राहतो.

मूळ अडचण अशी, की एएसएमएक्समध्ये तुमच्या क्लासचा ऑब्जेक्ट फ्रेमवर्क बनवतं, दर रिक्वेस्टला नवा. त्याला तुमचा कंटेनर माहीतच नाही. तेव्हा सर्विसच्या क्लासशी झगडू नका, त्याला रिकामा करा. सगळं लॉजिक ‘वजननोंदणी’सारख्या साध्या क्लासमध्ये हलवा आणि हवे ते इंटरफेस त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये घ्या. वेब मेथडमध्ये फक्त तीन गोष्टी उरतील: कंटेनरकडून लाइफटाइम स्कोप (बंद होताना आतले ऑब्जेक्ट मोकळे करणारा कप्पा) उघडणं, त्यातून ‘वजननोंदणी’ रिझॉल्व्ह करणं, म्हणजे तयार मागून घेणं, तिची मेथड बोलावणं. स्कोप ‘यूझिंग’ ब्लॉकमध्येच हवा, नाहीतर मूळ कंटेनरमधून रिझॉल्व्ह केलेले डिस्पोजेबल ऑब्जेक्ट अ‍ॅप बंद होईपर्यंत अडकून राहतात. कंटेनर ग्लोबल.एएसएएक्स फाइलमधल्या, अ‍ॅप सुरू होताना चालणाऱ्या अ‍ॅप्लिकेशन स्टार्टमध्ये एकदाच बनवा. टेस्ट ‘वजननोंदणी’च्या लिहा.

काटेवाला: पण मेथडमधून कंटेनरला हाक मारणं म्हणजे सर्विस लोकेटरच ना, कोडने हवं ते स्वतः कंटेनरकडे मागण्याची पद्धत? तो वाईट म्हणतात.

सह्याद्री७६: सगळीकडे पसरला तर वाईटच. इथे तो सिस्टिमच्या उंबरठ्यावर, एकाच जागी आहे. ‘वजननोंदणी’ आणि तिच्या आतल्या कोणालाही कंटेनरचं नाव माहीत नसावं, एवढं कटाक्षाने पाळा.

मधली_सुट्टी: आमच्याकडे हाच प्रकार डब्ल्यूसीएफमध्ये (एएसएमएक्सनंतर आलेलं डॉट नेटचं सर्विस फ्रेमवर्क) आहे. तिथेही असंच करायचं?

सह्याद्री७६: नाही, तिथे सोय आहे. डब्ल्यूसीएफमध्ये ऑब्जेक्ट कोण बनवणार हे ‘आयइन्स्टन्सप्रोव्हायडर’ने ठरवता येतं. ऑटोफॅकचं डब्ल्यूसीएफ पॅकेज घ्या, सर्विसच्या एसव्हीसी फाइलमध्ये ‘फॅक्टरी’ म्हणून त्याची होस्ट फॅक्टरी लिहा, स्टार्टअपला तिला कंटेनर द्या. मग कन्स्ट्रक्टरमध्ये थेट डिपेन्डन्सी घेता येते. फक्त इन्स्टन्स मोड तपासा. ‘सिंगल’ असेल तर एकच ऑब्जेक्ट सगळ्या रिक्वेस्टना पुरतो आणि त्याच्या पोटातला डीबीकॉन्टेक्स्टही (एंटिटी फ्रेमवर्कचा डेटाबेसशी बोलणारा ऑब्जेक्ट). डीबीकॉन्टेक्स्ट थ्रेडसेफ नाही, म्हणजे एकाच वेळी अनेक रिक्वेस्टनी वापरणं सुरक्षित नाही, हे दोघांनीही लक्षात ठेवा.

काटेवाला: एक मेथड हलवली, पहिली टेस्ट चालली. बाकीच्याही अशाच घेतो. मनापासून आभार.